जाळे तुटले आहे

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, दुपारचे अडीच. माझ्या कामाची ठरलेली रक्कम नऊ हजार रुपये. हजर माणसं तीन: मी, मढच्या मच्छीमार सोसायटीत बर्फाची बिलं करणाऱ्या ताई आणि त्यांचे सासरे.

अट ताईंनीच घातली होती. मी लिहिलेला बिलांचा प्रोग्रॅम त्या स्वतः बसवणार, मी मशीनला हात लावायचा नाही; लावला तर माझे पैसे कापणार. कमिटीवाले म्हणत होते, दर वेळी बोरिवलीहून या माणसाला कोण आणणार, त्यापेक्षा बिलं व्यापाऱ्याच्या मुनिमाकडे देऊन टाकू. त्यावर ताई बोलून बसल्या होत्या, "पाचच्या मीटिंगला पहिलं बिल छापून आणते. एकटी." नाही जमलं तर काम मुनिमाकडे जाणार होतं आणि ताईंची खुर्चीही.

प्रोग्रॅम सगळा मिळून दोनशे ऐंशी एमबीचा. सोसायटीचं इंटरनेट म्हणजे ताईंचा मोबाइल. म्हणून मी चार एमबीची एक छोटी फाइल केली होती. ती आधी मशीनमध्ये काय काय आहे ते बघते, आणि जे नसेल तेवढंच इंटरनेटवरून उतरवून घेते. घरी जेवणाच्या टेबलावर मी जुना लॅपटॉप पुन्हा पुन्हा कोरा करायचो आणि ती निळी पट्टी सरकताना बघत बसायचो. कुठल्यातरी थंड देशातल्या बंद खोलीतून एकेक तुकडा निघतोय, समुद्रावरून, समुद्राखालून येतोय आणि इथे आपल्या जागी बसतोय, असं वाटत राहायचं. बाहेर आमच्या बिल्डिंगमधली मुलं खेळायची, त्यांचा आवाजही लांबून आल्यासारखा यायचा. बायको म्हणायची, "अरे, पट्टी बघून पोट भरतं का तुझं? ताट उचल." मी ताट उचलायचो आणि परत येऊन बसायचो.

त्या दुपारी मढला मी दाराबाहेर ओट्यावर बसलो होतो. समोर वलांडीवर, बांबूंना ताणून बांधलेल्या दोरांवर, बोंबील सुकत होते. ऊन मऊ होतं. खिडकीतून ताईंच्या खांद्यावरून पट्टी दिसत होती. वीस टक्के, चाळीस, साठ. माझे डोळे जड झाले होते. आत येणारे तुकडे आणि वाऱ्यावर हलणारे बोंबील एकाच संथ लयीत चालले होते.

एकसष्टवर पट्टी थांबली. रेंज गेली होती. पडद्यावर माझीच सूचना आली. सगळ्या सूचना मी हौसेने शुद्ध मराठीत लिहिल्या होत्या. सासऱ्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "जाळे तुटले आहे. जाळे जोडून पुन्हा सुरू करा."

ते उठले, चपला घातल्या आणि तडक किनाऱ्याकडे निघाले.

"बाबा, अहो, ते जाळं नाही!" ताई ओरडल्या. पण ते वळणावरून दिसेनासे झाले होते. ताईंना हसू आवरेना. "दादा, काय लिहिलंस रे हे? कोळीवाड्यात?"

हसता हसता त्यांनी खिडकी बंद केली. प्रोग्रॅमची खिडकी. मग त्यांचा चेहरा उतरला. "बंद करायची नव्हती का? आता पहिल्यापासून?"

मी आत येऊन त्यांच्या शेजारी बसलो. मला नक्की सांगता येईना. आलेलं जपून ठेवायची सोय मी केली होती, पण ती घरच्या वायफायवर तपासलेली. इथली गोष्ट वेगळी होती. पहिल्यापासून उतरवायचं म्हटलं तर पाचपर्यंत होणार नव्हतं. माझा हात माऊसकडे जायला निघाला.

"हात लावायचा नाही," ताई म्हणाल्या.

मी हात मांडीखाली घेतला. त्यांनी मोबाइल खिडकीच्या गजाला टेकवला, रेंजच्या दोन काड्या येईपर्यंत वाट पाहिली आणि फाइल पुन्हा उघडली. पट्टी क्षणभर पांढरी राहिली. मग एकदम एकसष्टपर्यंत निळी झाली, आणि बासष्ट.

पावणेपाचला प्रिंटरने पहिलं बिल बाहेर टाकलं. तेवढ्यात सासरे परतले, पाय वाळूने भरलेले. "दोन्ही जाळी उलगडून बघितली. धड आहेत. मास्तर, जाळं कधी जवळून बघितलंयस का तू?"

"नाही काका. तुम्हीच सांगा, काय लिहू?"

त्यांनी थोडा विचार केला. "लिही, रेंज गेली. आलेलं ठेवलंय. थांब जरा."

मी तेच शब्द जसेच्या तसे घातले.

ताई बिल घेऊन मीटिंगला गेल्या आणि काम सोसायटीतच ठेवून आल्या. मशीनला हात न लावल्यामुळे कपात झाली नाही: नऊ हजारांचा चेक माझ्या नावे मिळाला. मग पाचशे रुपये रोख, एका सूचनेच्या लेखनाचे, मी सासऱ्यांना दिले. त्यांनी ते घेतले.