ईव्हीपी म्हणजे काय, हे मला आज कळलं

तीन ट्रेन सोडल्या, तरी हे लिहायचं टाळतच होतो. ग्लेन वेव्हर्ली स्टेशनवर बसलोय.

डँडेनॉन्गच्या गोदामातल्या नोकरीतून सुटायला आज कोडिंगचा पहिला इंटरव्ह्यू दिला. घेणारा पुण्याचा, नितीनदादा. माझा कोड उघडून म्हणाला, "क्रिप्टोग्राफीची लायब्ररी वापरलीस. ओळीओळीत ईव्हीपी दिसतंय. म्हणजे काय रे?"

ओळी नेटवरून उचललेल्या. पण अर्धवट सोडलेल्या डिप्लोमात एक शिकलो होतो: तोंडी परीक्षेत गप्प बसायचं नाही, काहीतरी ठोकून द्यायचं.

"एन्क्रिप्शन व्हेरिफिकेशन प्रोटोकॉल!"

"नाही. एन्व्हलप, त्यातलीच ई, व्ही, पी. मजकूर कुलूपबंद, त्याची किल्लीही कुलूपबंद, दोन्ही एकाच पाकिटात." मग हळूच म्हणाला, "माहीत नाही म्हणाला असतास, तर घेतलं असतं तुला. लोकांचे पासवर्ड सांभाळायचेत, अंदाज नाही चालत."

नो वरीज म्हणून निघालो. राग नाही, रडू नाही. समोर एक सीगल पक्षी कुणाचे तरी चिप्स खातोय, तेच बघतोय कधीचा.

'माहीत नाही' म्हणायला तुम्ही कुठे शिकलात?

थांबा. प्लॅटफॉर्मवर नितीनदादा आलाय. हा तर कारने आला होता, सकाळी उतरताना पाहिला होता मी. माझ्याकडेच येतोय.