कुत्रीने दाखवलेलं दार

पोलिसांच्या कुत्र्याकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती मला सहन होत नाही. आधी भीती, मग कौतुक, आणि शेवटी देवाने कौल दिल्यासारखा विश्वास. जालना जिल्ह्यात पोलिसांची कुत्री सांभाळण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली. एवढ्या वर्षांत कुत्र्यांचा राग मला क्वचितच आला. माणसांचा मात्र रोज येतो.

आमच्याकडे कुत्र्यांची कामं वाटून दिलेली असतात. एक स्फोटकं हुंगणारा. मंत्र्याची सभा असली की स्टेजखाली, सोफ्याखाली, हारांच्या टोपल्यांमधून त्याला फिरवायचं. दुसरा गांजा हुडकणारा. तिसरी माग काढणारी, म्हणजे चोरी किंवा खून झालेल्या जागी जाणारी. ती माझ्याकडे होती, काळी डॉबरमन. याशिवाय परेडच्या दिवशी पेटत्या रिंगणातून उड्या मारायच्या, साहेबांच्या पाहुण्यांना पंजा द्यायचा, पाहुण्यांच्या मुलांसोबत फोटोला बसायचं. आणि एक काम कुठल्याच हुकमात लिहिलेलं नसतं. ते म्हणजे गावाची समजूत काढायची. चोरी झालीय, ठाणेदाराला काही सुचत नाही, लोक रस्ता अडवायला निघालेत, मग मागवा कुत्रं. जीपमधून कुत्रं उतरलं की लोकांना तपास झाल्यासारखा वाटतो.

या शेवटच्या कामाचा मला मनापासून तिटकारा आहे. तो कशाने आला ते सांगतो.

भर लग्नसराईत हसनाबादच्या पुढच्या एका गावातून बोलावणं आलं. दोन भावांचं एकत्र घर. सगळे लग्नाला गेले असताना त्यांच्या मेलेल्या आईचे दागिने ट्रंकेतून गेले होते. वाटेत ठाण्यातल्या जमादाराने मला घरची सगळी कुंडली ऐकवली. या भावांची एक बहीण होती. नवऱ्याचा मार खाऊन खाऊन शेवटी माहेरी परत आलेली. परसात पत्र्याची एक खोली तिला दिली होती, तिथे ती ब्लाउज शिवायची. वडिलांच्या जमिनीत तिचा हिस्सा निघत होता. भाऊ तिच्यामागे हक्कसोड करून दे म्हणून लागले होते आणि ती सही करत नव्हती. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला शुभकार्यात पुढे करत नाहीत, म्हणून लग्नालाही तिला नेलं नव्हतं. चोरी झाली तेव्हा ती आपल्या खोलीत कूलर लावून झोपलेली होती. जमादार म्हणाला, कुत्रं काय दाखवतं ते गावाला आधीच माहीत आहे. आणि हसला. मला त्याच्या हसण्याचीच चीड आली.

पोहोचलो तर दारात ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर माणसं, गच्चीवर माणसं, लिंबाखाली माणसं. मोबाइल वर धरलेले. कुत्रीला आधी सावलीत पाणी पाजलं आणि थोरल्या भावाला नेहमीचा प्रश्न विचारला, चोरी कळल्यापासून ट्रंकेला कोणी हात लावलाय का? त्याने छातीवर हात ठेवला.

"साहेब, ठाण्यातून फोनवर सांगितल्यापासून घरच्या एकाबी माणसानं हात लावला न्हाई. बिलकुल न्हाई."

ज्या फडक्यात दागिने बांधलेले असत ते ट्रंकेच्या झाकणावर पडलेलं होतं. मला वाटलं, चोराने सोडून टाकलेलं. ठाणेदार साहेब घड्याळाकडे बघत मागे उभे होते, लवकर आटपा म्हणत होते. मी फडकं कुत्रीच्या नाकाशी धरलं. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर पडली, गोठ्याच्या कडेने हौदाला वळसा घालून गेली आणि पत्र्याच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. आत ती बाई मशीनवर होती. कुत्री तिच्याकडे बघून भुंकली.

गर्दीतून जो आवाज उठला तो मी कधी विसरणार नाही. कुस्तीत आपला गडी जिंकल्यावर उठतो तसा आवाज. थोरली भावजय पदर खोचून पुढे आली आणि आपण आधीच म्हणत होतो म्हणून सगळ्यांना सांगू लागली. पंचनाम्याचा कागद निघायच्या आधी व्हिडिओ तालुक्याला पोहोचला होता. ती बाई उठलीच नाही. सुईखाली अर्धी बाही तशीच होती.

मी कुत्रीला घेऊन परत घरात गेलो आणि ट्रंक उघडायला लावली. आत साड्या होत्या. एकावर एक, नीट घड्या घातलेल्या, कडा जुळवलेल्या. मी आजवर पुष्कळ चोऱ्या बघितल्या, घड्या घालून जाणारा चोर बघितला नव्हता. या कोणी लावल्या, मी विचारलं. जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. मी परसात जाऊन बाईलाच विचारलं. ती म्हणाली, दादानेच सांगितलं, पोलीस येणार, चार माणसं येणार, पसारा आवर म्हणून. साड्या तिने उचलल्या, फडकंही तिनेच झटकून झाकणावर ठेवलं.

मी थोरल्याला गर्दीसमोरच धरलं. हात लावला नाही म्हणून छातीवर हात कशाला ठेवलास, असं विचारलं. तो बिलकुल गडबडला नाही. उलट मीच काहीतरी वेड्यासारखं विचारतोय अशा चेहऱ्याने म्हणाला,

"तुमच्या ठाण्यातून फोनवर घरच्यांनी हात लावू नका म्हणले ना? मंग आमी कोन्हीच लावला न्हाई. ती घरची कुठं हाये साहेब? दिल्या घरची हाये ती."

आजूबाजूच्या माना हलल्या. सगळ्यांना पटलं. माणूस लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. लबाडाची लबाडी उघडी पाडता येते. हा खरंच तसं समजत होता. परसात राहणारी, यांच्या पोरींचे परकर शिवणारी, आईचं आजारपण काढलेली बाई त्याच्या हिशेबात घरची नव्हतीच. म्हणून तिचा हात लागला तरी तो हात नव्हता. चोर म्हणायची वेळ आली तेव्हा मात्र ती बरोबर घरात सापडली. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला आणि तो न काढल्याचं आजही वाईट वाटतं.

मी सगळ्यांना समजावून सांगितलं. फडक्याला शेवटचा वास या बाईचा आहे, कुत्रीने त्या वासाचं माणूस शोधलं, चोर नाही शोधला. कोणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी मी एक स्वच्छ पंचा थोरल्याच्या हातात दिला, चोळायला लावला, त्याला गर्दीत कुठेही जाऊन उभं राहायला सांगितलं आणि तो पंचा कुत्रीला हुंगवला. ती सरळ गेली आणि त्याच्या पायाशी बसली. त्याच्याकडे बघून तशीच भुंकली. मग आता याला धरायचं का, मी विचारलं.

वर धरलेले मोबाइल खाली आले. मला वाटलं, शिरलं. तेवढ्यात एक म्हातारा शांतपणे म्हणाला, उन्हानं दमलं असंल जनावर, आता त्याला काय कळून राह्यलं. सगळ्यांना हायसं वाटलं. लोक पांगायला लागले.

बळी तो कान पिळी, हे कुत्र्याच्या बाबतीतही खरं असतं हे मला त्या दिवशी कळलं. गरिबाच्या दारात बसलेलं कुत्रं देव, आणि कर्त्याच्या पायाशी बसलेलं कुत्रं दमलेलं. ठाणेदार साहेबांना मी हे सगळं माझ्या अहवालात लिहितो म्हणालो. लिही, म्हणाले, पण चौकशीला तिला नेतो, गाव शांत होईल. आणि नेलंच.

ती ठाण्याच्या जीपमध्ये बसत होती तेव्हा मी तिला म्हणालो, ताई, काळजी करू नका, कुत्रीचा माग म्हणजे पुरावा नसतो, कोर्टात तो टिकत नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी कुत्रीची साखळी उगाचच आवळली.

"कोर्टात कोन चाल्लंय, भाऊ? तुमी यायच्या आधी मी नुस्ती यांना जड झालेली होते. आता चोर हाये. तुमी जा आता."

पुरावा मिळाला नाही म्हणून संध्याकाळी तिला सोडलं. माझा अहवाल फायलीत गेला आणि तिथेच राहिला.

पावसाळा संपता संपता शेजारच्या जिल्ह्यात एक टोळी पकडली गेली. लग्नाला गेलेली घरं हेरून फोडणारी. त्यांनी या गावातली चोरीही कबूल केली, बरेचसे दागिनेही निघाले. कोर्टाचा हुकूम घेऊन थोरला भाऊ ते न्यायला ठाण्यात आला, तेव्हा योगायोगाने मी दुसऱ्या कामासाठी कुत्री घेऊन तिथेच होतो. दागिने ओळखून, सही करून तो बाहेर पडला. मी त्याला पायरीवरच अडवलं आणि बहिणीचं विचारलं.

गेली, म्हणाला. कुठे, तर पुण्याकडे कुठेतरी कंपनीत कामाला. जाताना हक्कसोडवर सही करून गेली. गावात तोंड दाखवायला जागा नव्हती तिला, शिवायला कपडे टाकणंही बायांनी बंद केलं होतं. हे सगळं त्याने पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं.

माझा आवाज चढला. चोर सापडले, दागिने तुझ्या हातात आहेत, आता तरी तिची माफी मागून तिला परत आण, असं मी म्हणालो. त्याने पिशवी काखेत घट्ट धरली.

"चोर सापडले, बराबर हाये. पन घर रिकामं हाये हे त्यायला कोन्हीतरी सांगितलंच असंल ना, साहेब? मुकं जनावर कशाला खोटं बोलंल?"

मग तो वाकला आणि माझ्या पायाशी बसलेल्या कुत्रीला दोन्ही हात जोडून नमस्कार करून गेला.