मल्लिनाथअण्णांचं काळं द्राक्ष

माणूस जातो, पण त्याच्या जिभेवरची चव मागे उरते, असं आमचे मल्लिनाथअण्णा फार गंभीरपणे म्हणत. हे वाक्य वाइनवरच्या एका इंग्रजी पुस्तकातलं होतं आणि ते पुस्तक मीच त्यांना सात रस्ता चौकाजवळच्या रद्दीवाल्याकडून आणून दिलं होतं. रविवारी त्यांच्या ओट्यावर बसून मी द्राक्षं चघळली, मंगळवारी सकाळी त्यांचे धाकटे भाऊ दारात आले आणि म्हणाले, "सर, अण्णा गेले." मी विचारलं, "कुठं?" ... पाच आठवडे झाले, त्या प्रश्नाची लाज अजून गेलेली नाही.

अण्णांचं कापडाचं दुकान होतं आणि शहराबाहेर द्राक्षबाग. सगळे गोड हिरवी द्राक्षं लावत असताना त्यांनी चार ओळी काळ्या, बारीक, जाड सालीच्या द्राक्षाच्या लावल्या. वाइनची जात, बाजारात कोणी हात लावेना. दारूबंदी सैल होतेय, परवाना मिळाला की याची लाल वाइन करायची, असा त्यांचा बेत. स्वतः थेंबही घेणार नव्हते, लिंगायत माणूस, गळ्यात इष्टलिंग. पण ती कशाबरोबर प्यावी हे बाटलीवर छापायला हवं, म्हणून तोवर त्यांनी द्राक्षाचीच जेवणाशी जोड लावून बघायला घेतली. पुस्तकात मांस सांगितलं होतं. अण्णांनी मांसाच्या जागी भरलं वांगं घातलं आणि पुढे गेले.

हंगामात दर रविवारी मला बोलावणं. भाकरी-शेंगाचटणीचा एक घास, मग एक द्राक्ष सालीसकट. "लगेच गिळू नका, सर. काय लागतंय सांगा की." मांडीवर वही उघडलेली. मला त्या पुस्तकी भाषेची चीड, म्हणून मी थट्टेनं सांगू लागलो: आधी ओला कडबा, मग जुन्या पुस्तकाचं कातडं, शेवटी लांबून दालचिनी.

"दालचिनी येते?" अण्णांचा चेहरा उजळे. "हौदु," ते कानडीत होकार भरत, "येणारच! आणि वांग्याबरोबर?"

वांग्याबरोबर मी देवळातल्या कापराचा वास सांगितला. ते सगळं सुवाच्य अक्षरात उतरवून घेत, मग स्वतः एक द्राक्ष तोंडात टाकून, डोळे मिटून मान डोलावत. दोन हंगाम हे चाललं. एवढ्या हुशार व्यापाऱ्याला थट्टा कळत कशी नाही, याचंच मला नवल वाटे.

गेल्या रविवारी पाय सवयीनं तिकडेच वळले. वही कोनाड्यात होती. गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं मी वहिनींना म्हणालो, "अण्णांची जीभ मोठी तयार होती."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "कुठली जीभ, भावजी? तीन वर्षांमागं तो ताप आला, तवापासनं चव न्हाय, वास न्हाय. भाजीत मीठ इसरलं तरी कळायचं न्हाय. कुणाला सांगू नको म्हणाले, बागवाल्याला चव न्हाय म्हटल्यावर लोक हसतील की."

मी कोनाड्यातली वही काढून चाळू लागलो.

"तुमी गेल्यावर वही वाचत बसायचे. म्हणायचे, सर सांगतात तसंच लागत असणार."

दोन हंगाम तो माणूस माझ्या जिभेनं जेवत होता आणि मी त्याला कापूर चारला होता.

वहिनींनी ताट आणलं. भाकरी, चटणी, वाटीत काळी द्राक्षं. "शेवटचा घड हाय. सांगा, कसं लागतंय." आणि वही उघडून, पेन घेऊन समोर बसल्या. मी घास घेतला, द्राक्ष फोडलं, डोळे मिटून बराच वेळ चघळलं. मग त्या ओट्यावर पहिल्यांदाच खरं सांगितलं आणि वहिनींनी ते दालचिनी-कापराच्या खाली लिहून घेतलं: द्राक्ष तुरट, चटणीत मीठ जास्त.