लॅबचं मागचं दार

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटवरचे काका कुरुळीचे. नमस्कार केला की त्यांचा प्रश्न ठरलेला, "सर, आत्ता आग लागली तर कुठनं बाहेर पडाल?" मुलांनाही तेच विचारायचे आणि उत्तर आल्याशिवाय गेटवरून हलू द्यायचे नाहीत. मला या माणसाचा वैताग यायचा.

मुलं हजेरी लावून सटकतात म्हणून मी लॅबच्या मागच्या दाराला कुलूप घालायचो. काका फेरीला आले की जुडग्यातल्या किल्लीनं ते काढून सरळ खिशात टाकायचे.

"अहो काका, मुलं पळतात!"

"हजेरी काय, उद्या बी घेता येतीया सर."

गेल्या मंगळवारी प्रॅक्टिकल चालू असताना पुढच्या दाराजवळचं इलेक्ट्रिक पॅनेल पेटलं. धूर बघून मी गांगरलो. मुलं मात्र माझ्या सांगण्यासाठी थांबली नाहीत. एकमेकांचे हात धरून मागच्या दाराकडे वळली आणि मलाही ओढत घेऊन गेली. दार उघडं होतं.

मैदानातल्या चिंचेखाली आम्ही खोकत उभे होतो. हजेरीपट अजून माझ्या हातातच होता. आग विझवायचं सिलिंडर घेऊन काका धावत आले.

"आत कोन ऱ्हायलं का? सर, आता घ्या हजेरी!"

मी नावं घेऊ लागलो. नेहमी सटकणाऱ्या एकाच्या नावाशी माझा आवाज अडखळला, तर सगळ्यात मोठं "येस सर" त्याचंच आलं.

"वीसच्या वीस!" मी ओरडलो.

मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आग विझवायला निघाले होते, त्याच उघड्या दारानं.