कारण: वैमानिकाची चूक

रिकामा रकाना मला बघवत नाही. पस्तीस वर्षं ऑफिसात तक्ते भरण्यात गेली, त्याचा हा परिणाम. निवृत्तीनंतर जुन्या लढाऊ विमानांचा नाद लागला, तेव्हाही मी तक्ताच करायला घेतला. विमानाचा नंबर, स्क्वाड्रन, शेवटी त्याचं काय झालं, आणि कशामुळे. पुढे तो इंटरनेटवरही टाकला.

आमचं मंडळ म्हणजे सात-आठ रिकामटेकडे. दर रविवारी सकाळी सियागंजच्या बाजारात एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याच्या गोदामात जमतो. शटर अर्धं खाली, खिळ्यांच्या पेट्यांवर पोहे-जलेबी, आणि कुणीतरी आणलेला एखादा धूसर फोटो. त्यातलं विमान नॅट आहे की नॅटचाच सुधारलेला अवतार अजीत, यावर पंखांखालच्या, टाक्या-बॉम्ब टांगायच्या खुंट्या मोजत तासभर भांडायचं. आमच्यातल्या एकानेही विमान उडवलेलं नाही. दोघांना तर स्कूटरही धड येत नाही.

एका सोमवारी त्या व्यापाऱ्याचा फोन आला. "भिया, रविवारी एक मॅडम येणार आहेत, रिटायर्ड टीचर. त्यांचा भाऊ पायलट होता, नॅटच्या क्रॅशमध्ये गेला. तुमच्या लिस्टमध्ये ते विमान आहे म्हणतात. काहीतरी पूछायचं आहे त्यांना." त्याने विमानाचा नंबर सांगितला.

मी तक्ता उघडला. नंबर होता. 'कारण' या रकान्यात लिहिलं होतं: वैमानिकाची चूक.

ते कुठून आलं हे मला पक्कं आठवत होतं. काही वर्षांपूर्वी त्या पानावर तेवढा एकच रकाना कोरा राहिला होता. पोहे खाताना मी सगळ्यांना विचारलं, तेव्हा कुणीतरी जलेबी मोडत म्हणालं, "बहुतेक पायलटचीच गलती असेल ना, और क्या." घरी येऊन मी लिहून टाकलं. 'बहुतेक' तेवढं गाळलं. ते तक्त्यात शोभत नव्हतं.

मंगळवारपासून पुरावा शोधायला बसलो. दुसऱ्या कुणी तेच लिहिलेलं सापडलं तर मी सुटलो, असा हिशेब. एका वेबसाइटवर सापडलं आणि हायसं वाटलं. मग एका मासिकातल्या लेखात सापडलं, मग परदेशातल्या एका हौशी माणसाच्या यादीत. पण नीट पाहिलं तर तिन्हीकडे त्या नोंदीखालच्या दोन ओळींची अदलाबदल झालेली होती. ती अदलाबदल माझी होती, टाइप करताना झालेली. म्हणजे तिघांनीही माझंच उतरवलं होतं. साक्षीदार तीन नव्हतेच, मीच तीनदा उभा होतो.

गुरुवारी बायको म्हणाली, "वरणात मीठ नाही आज, तरी तुम्ही काही बोलला नाहीत. झालंय काय?" मी बीपीवर ढकललं. खरं तर मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त लाज. रविवारी ताप यावा असं मनापासून वाटत होतं. शनिवारी तो रकाना पुसून 'अज्ञात' लिहिलं. दोन मिनिटं बरं वाटलं. मग वाटलं, बाहेर गेलेलं कसं पुसणार?

ताप आला नाही. ताई मात्र वेळेवर आल्या. सत्तरीच्या, सुती साडी, ताठ चालणं. पर्समधून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. माझाच तक्ता, घड्यांवर विरलेला.

"मला फक्त येवढं सांगा," त्या म्हणाल्या, "हे कुणाला माहीत होतं? आम्हाला घरच्यांना तर कधीच कळलं नाही."

व्यापारी लगेच पुढे झाला. "मॅडमजी, तीन-तीन जागी हेच लिहिलेलं आहे. आणि आमच्या साहेबांची लिस्ट म्हणजे पत्थर की लकीर." सगळ्यांनी माझ्याकडे बघून माना डोलावल्या. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. मी काही शूर माणूस नाही. पण तो विरलेला कागद समोर होता.

"ताई, ते मी लिहिलं," मी म्हणालो. "अंदाजाने. बाकीच्यांनी माझ्यावरून उतरवलं."

"मग खरं काय आहे?"

"माहीत नाही."

"मग लिहिलं कशाला?"

"जागा रिकामी होती म्हणून."

कुणी पोह्यांना हात लावेना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदाची घडी घातली आणि शांतपणे म्हणाल्या, "माझ्या मुलाने दोन साल आधी हा कागद काढून आणला. आईला मीच वाचून दाखवला. भैयाचा एक दोस्त आहे, त्याच स्क्वाड्रनचा. दर दिवाळीला आईला फोन करायचा. हे ऐकल्यापासून तिने त्याचा फोन घेणं बंद केलं. म्हणायची, कोणत्या तोंडाने बोलू? मी म्हटलं, अगं, त्यालाच विचारून घे ना खरं काय ते. नाहीच ऐकलं. मागच्या थंडीत गेली ती. त्याला अजून कळवलेलं पण नाही. मलाच शरम वाटत होती."

मी हात जोडून माफी मागितली. ऐकताना ती मलाच पोकळ वाटली.

"माझी काय माफी मागता," असं म्हणून त्यांनी पर्समधून एक जुना मोबाइल काढला. "आईचा आहे." त्यांनी नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "त्याला सांगा. आधी तुम्ही काय केलं ते, मग आईचं."

रिंग वाजत होती. कुणी उचलू नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो. चौथ्या रिंगला फोन उचलला गेला. पलीकडे कुणी म्हातारा माणूस खाकरला आणि घाईघाईने, आनंदाने म्हणाला, "माताजी? माताजी, आप? कितने दिन बाद!"

मी ताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि फोन परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला नाही.