भाऊजींची सही

सरकारी पैसा वाया गेला म्हणून ज्याच्या घशाखाली घास उतरत नाही, असा माणूस शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके मिळून एकच आहे, आणि तो नेमका माझ्या घरात राहतो. हे माझे थोरले दीर. सत्तरी कधीच उलटली, जाऊबाई गेल्यापासून आमच्याच ओटीवर त्यांची खाट असते. या वयात माणसांना साखर होते, दमा होतो. आमच्या भाऊजींना रस्ते होतात. कुठे डांबर उखडलेलं दिसलं की त्या दिवशी जेवण अर्धं, आणि पूल खचल्याचं कानावर आलं तर मी मुकाट्याने पेजेचं भांडं चुलीवर ठेवते. आमच्याकडे पेज बऱ्याचदा होते.

त्यांच्या हातात बांबूची एक काठी असते. आधारासाठी असेल असं तुम्हाला वाटेल, पण तिच्यावर विळ्याने खुणा पाडल्या आहेत: चार इंच, सहा इंच, एक फूट. नवीन रस्ता दिसला की कडेला बसायचं, काठी लावायची आणि काँक्रीट किती जाड पडलंय ते बघायचं. मुरबाडला माझ्या भाचीचं लग्न होतं. अक्षता पडायची वेळ झाली तरी भाऊजींचा पत्ता नाही. शोधत गेलो तर मांडवामागे नव्या गटाराच्या कडेला उकिडवे बसलेले, डोक्याला फेटा आणि हातात काठी. मला म्हणाले, "सहा इंच लिहिलंय गं, चार पण नाय भरत." मी त्यांना ओढतच मांडवात आणलं. नवरा-नवरीला आशीर्वाद देतानासुद्धा त्यांची नजर स्टेजच्या फळ्यांवरच होती.

दिव्यांचं तर विचारूच नका. गावातले रस्त्यावरचे दिवे दिवसा जळत राहतात आणि त्याचं बिल पंचायत भरते, हे त्यांच्या लक्षात आलं त्याला पुष्कळ वर्षं झाली. तेव्हापासून रोज उजाडलं की देवळाजवळच्या खांबावरच्या पेटीपाशी जाऊन खटका खाली करायचा, हा त्यांचा नेम आहे. पंचायतीच्या शिपायाला हे इतकं अंगवळणी पडलं की त्याने सकाळी यायचंच सोडून दिलं. मध्ये एकदा भाऊजी तापाने फणफणले होते. तीन दिवस गावातले दिवे भर उन्हात जळत होते, आणि ते बघून लोक आमच्याकडे चौकशीला आले. तेव्हापासून गावात तेच चाललंय, दिवे जळताना दिसले की भाऊजींना बरं नाही असं समजायचं.

असा माणूस सरपंच झाला तर काय होईल? तर झाले होते, एकदा, पाच वर्षं. त्या पाच वर्षांत मी जेवढा चहा केला तेवढा टपरीवाल्यानेही केला नसेल, कारण पंचायतीच्या खर्चाने चहा पाजायचा नाही असा यांचा पण. दूध माझं, साखर माझी, आणि मान पंचायतीचा. दूध संपलं की तालुक्याच्या साहेबालासुद्धा कोरा चहा. साहेब तोंड वाकडं करून प्यायचे. सत्काराची शाल कुणी आणली तर हे विचारायचे, कुठल्या पैशातून आणली? मग त्यांचा सत्कार करायच्या भानगडीत कुणी पडेना. मी चिडायचे, पण खरं सांगू? मला अभिमान वाटायचा. दुसऱ्या सरपंचांच्या दारात गाड्या आल्या, आमच्या दारात गाळलेल्या चहाचा चोथा तेवढा साठत होता. तो मी तुळशीला घालत असे.

त्याच पाच वर्षांत विहिरीचं घडलं. आमच्या गावाच्या वर डोंगराला एक वाडी आहे, पंधरा-वीस घरं. फाल्गुन लागला की तिथल्या बायका खाली ओढ्यात उतरतात, वाळूत खड्डा करून वाटीवाटीने हंडे भरतात. भाऊजींनी तालुक्याला खेटे घालून घालून वाडीसाठी विहीर मंजूर करून आणली. निम्मी खणून झाली, आतून दगडाचं बांधकाम सुरू झालं, आणि एक दिवस भाऊजींनी दगडांच्या सांध्यात काठी घातली. ती आत गेली. मालात सिमेंट नावाला, सगळी दगडाची भुकटी. झालं! तोडून परत बांध म्हणाले, तोवर बिलावर सही नाही. ठेकेदार आठ दिवस मागे-मागे फिरला, मग सामान उचलून निघून गेला. मार्च संपला आणि पैसे आले होते तिकडे परत गेले. पावसात तो खड्डाही ढासळला.

पुढच्या ग्रामसभेत भाऊजी ताठ मानेने उभे राहिले. खराब कामावर सरकारचा एक रुपया जाऊ दिला नाही, असं म्हणाले. चारजणांनी टाळ्याही वाजवल्या. मग मागून वाडीतली बाय उठली. ही बाय वाडीतली सगळ्यात म्हातारी, गावातल्या निम्म्या पोरांची नाळ तिने कापलेली. ती ओरडली नाही, की भांडली नाही. म्हणाली, "भाऊ, तू चोर नाय, आमाला ठावं हाय. पन हीर कुठं हाय?" आणि खाली बसली. त्या दिवशी मी सरळ पेजच टाकली.

नंतरच्या निवडणुकीत त्यांना कुणी उभं केलं नाही, आणि ते बरंच झालं असं मी तोंडावर म्हटलं. पुढे आलेल्यांनी पैसा बरोबर खर्च केला, म्हणजे एक रुपयाही परत जाऊ दिला नाही. गावाच्या तोंडाशी कमान झाली, तिच्यावर नावं झाली. वाडीत नळ आले. दारोदार स्टीलचे चकचकीत नळ उभे आहेत, त्यांच्यावर बायका चिंध्या वाळत घालतात, कारण त्यांतून आजवर थेंब आलेला नाही. टाकी कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नाही. भाऊजी प्रत्येक ग्रामसभेला सगळ्यांच्या आधी जाऊन बसतात. माणसं पुरेशी नाहीत म्हणून सभा तहकूब होते, हे उठून घरी येतात आणि कॅलेंडरवर पुढच्या सभेची खूण करतात. मला तर हल्ली ते कॅलेंडर बघवत नाही.

एकदा आम्ही सगळे तानसाला गेलो होतो. पोरं पाण्याकडे बघत होती आणि हे धरणाच्या भिंतीकडे. इंग्रजांच्या वेळचं दगडी काम, मुंबईला पाणी पाजणारं. भाऊजींनी एका सांध्यावर काठीचं टोक घासून बघितलं, कण सुटला नाही. मग भिंतीवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. म्हणाले, "ज्यानं या कामावर सही केली, त्याला रातची झोप लागली असंल बग." मी हसले तेव्हा.

यंदा ती विहीर परत मंजूर झाली. देखरेखीला आणि बिलावरच्या सहीला गावाची समिती करायची होती, तर वाडीवाल्यांनी भाऊजींचंच नाव दिलं. एवढं होऊनही त्यांचंच! भाऊजींनी काठीला तेल लावलं. महिनाभर रोज माझी भाकरी फडक्यात बांधून डोंगर चढत होते. आणि काय सांगू, परत तेच. तीच भुकटी, तोच माल. यांनी वर कळवलं. साहेब आले, वाकून बघितलं, गेले. ठेकेदाराने दोन थर पाडून बांधल्यासारखं केलं आणि मार्च तोंडावर आल्यावर सांगितलं, बिल निघालं नाही तर उद्यापासून माणसं येणार नाहीत.

सहीच्या दिवशी त्यांचे गुडघे दुखत होते म्हणून मी सोबत गेले. सगळी वाडी विहिरीभोवती उभी होती. तळाला कमरेएवढं पाणी लागलं होतं, गढूळ, पण पाणी. भाऊजी शिडीवरून चार पायऱ्या उतरले, सांध्यात काठी घातली. भुकटी पाण्यात पडली तेवढा आवाज झाला. वर आले तर समोर बाय. आता तिला नीट दिसतही नाही. तिने चाचपून त्यांचं मनगट धरलं.

"या टायमाला सही कर रे भाऊ. पडली तर पडूं दे. दोन उन्हाळं तरी पानी पिऊं."

साधी पावतीसुद्धा तीनदा वाचणारा माणूस, त्यांनी बिलाचा कागद ठेकेदाराच्या मोटारसायकलच्या सीटवर ठेवला आणि न वाचता सही केली. बायकांनी लगेच दोर सोडले. आम्ही खाली उतरायला लागलो. निम्म्या वाटेवर ते थांबले आणि मला म्हणाले, "पहिल्या येळी पण सहीच करायला पायजे व्हती का गं?"

मी म्हटलं, पाय जपून टाका, इथे खडी सुटलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगण झाडून वर बघितलं तर ऊन चांगलं वर आलेलं आणि गल्लीतले सगळे दिवे जळत होते. भाऊजी खाटेवर जागेच होते, भिंतीकडे तोंड करून. थोड्या वेळाने शेजारची दोन माणसं चौकशीला आली, मागून पंचायतीचा शिपाईही आला. दारातूनच हळू आवाजात त्यांनी विचारलं, भाऊंना बरं नाही का?

हो, म्हटलं, बरं नाही त्यांना. बसा, चहा टाकते.