देवाचा मेंढा आणि माझी नोकरी

सोलापूरच्या एसटी स्टँडवर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग पुण्याच्या गाडीत चढवली आणि खाली उतरून खिडकीपाशी उभे राहिले. म्हणाले, "घरोघरी जाऊन लोकांच्या हातापाया पडायचं न्हाय ना तुला?" विमा म्हटला की एजंट, एवढंच आमच्या वळसंगला ठाऊक. मी म्हणाले, "न्हाय आप्पा, हापिसात बसून काम हाय." त्यावर ते म्हणाले, "बसून काय करणार म्हंजे?" गाडी सुटेपर्यंत मला ते धड सांगता आलं नाही.

आता सांगते. गावात राहिलात त्या तुम्हाला, आणि माझ्यासारखं पोटामागे पुणं-हैदराबाद गाठलेल्यांनाही. एजंट विमा विकतो. तो द्यायचा की नाही, कोणत्या अटींवर द्यायचा, हप्ता किती लावायचा, हे अंडररायटर ठरवते. म्हणजे मी. चुलतभावाच्या लग्नात निम्मे पाहुणे मला बघून वाट बदलत होते, मी पॉलिसी गळ्यात मारीन म्हणून. मामी तर माझ्या शेजारून उठून दुसऱ्या पंगतीत जाऊन बसल्या. हळद लागली तशी त्यांच्या अंगाला पॉलिसी लागणार होती की काय कोण जाणे.

पहिली वर्षं मजेत गेली. मग ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आलं. ज्या फाइलीवर माझी सकाळ जायची, ती ते चहा निवायच्या आत निकालात काढायचं. सेक्शनमधली माणसं कमी होऊ लागली. मला जनावरांच्या विम्याच्या टेबलावर बसवलं. तिथून पुढची पायरी म्हणजे दरवाजा, हे सगळ्यांना माहीत होतं. मी घाबरले. नोकरी गेली तर पडलेलं तोंड घेऊन वळसंगला परत जावं लागणार, या विचारानं झोप लागेना. आईला फोन करून रडलेसुद्धा. गावात कुणी नोकरीचं विचारेल, म्हणून त्या वर्षी दिवाळीलाही गेले नाही.

अशात धनगरांच्या कळपांच्या फाइली अडकू लागल्या. नियम असा, की कळपातल्या प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला हवा. नाहीतर लोक धडधाकट जनावरं बाहेर ठेवून रोगट तेवढीच विम्यात घालतील, अशी कंपनीला भीती. सॉफ्टवेअर कळपाचे फोटो तपासायचं, आणि बिनबिल्ल्याचं एखादं जनावर दिसलं की फसवणुकीचा संशय म्हणून फाइल नामंजूर. असं एक जनावर जवळजवळ प्रत्येक कळपात निघू लागलं. साहेब चक्रावले आणि ते फोटो त्यांनी माझ्यापुढे ठेवले. मला हसूच आलं. लबाडी कुठली, कळपातला सगळ्यात तगडा मेंढा होता तो, कपाळाला भंडारा लावलेला. बिरोबाच्या नावानं सोडलेला. आमच्याही कळपात असतो. तो विकायचा नाही, आणि मेला तर त्याच्यापायी कुणाचा पैसाही घ्यायचा नाही. आप्पा म्हणतात, "द्येवाचं हाय ते. आपुन नुसतं राखायचं." अशा मेंढ्याच्या कानात विम्याचा बिल्ला कोण मारून घेईल?

साहेबांनी विचारलं, "म्हणजे सगळ्यात चांगलं जनावर हे लोक विम्याबाहेर ठेवतात?" मी म्हणाले, "हो. आणि तेवढं एकच. लपवालपवी नाही, सर, भक्ती आहे." साहेबांनी काही गावांत माणूस पाठवून खात्री करून घेतली. देवाच्या जनावराला नियमात सूट मिळाली, अडकलेल्या फाइली सुटल्या, आणि मला ग्रामीण विम्याची सीनियर अंडररायटर केलं. त्या दिवशी कँटीनमध्ये मी दोनदा जेवले. इतके महिने अन्न गोड लागत नव्हतं.

या लाइनीत पुढं काय आहे, असं गावाकडची पोरं मला विचारतात. सोपं काम यंत्राकडे गेलं, ते काही परत यायचं नाही. पण नियमात न बसणारी माणसं कुठं संपलीत? त्यांच्यापुरती आमची गरज राहील. एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते.

बढती मिळाली त्या संध्याकाळी आप्पांना फोन केला. नोकरी टिकली म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "लई ब्येस झालं. मग त्या दोन शेळ्या इकू का?"

"कुटल्या शेळ्या?"

"तू रडलीस म्हनून तुजी आई सांगत हुती, तवा काडून ठिवल्यात बाजूला. म्हटलं, पोर आलीच परत, तर तिच्या हाताशी तिचं सोताचं कायतरी असावं की."

ज्या गावाला तोंड कसं दाखवू म्हणून मी वर्षभर भीत होते, तिथं माझ्या नावाच्या दोन शेळ्या खुशाल चरत होत्या. बढतीनंही मला इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"इकू नका आप्पा," मी म्हणाले. "शनवारी येतीय मी बगायला."